काठी कोणत्या हातात धरावी?

विद्यार्थी मित्रहो, एक साधा प्रश्न घेऊ. एका आजोबांचा उजवा खुबा दुखतो आहे. चालताना आधार हवा म्हणून त्यांनी काठी घेतली. ती त्यांनी उजव्या हातात धरावी की डाव्या?

बहुतेकांचे उत्तर 'उजव्या' असे येते. दुखते तिकडे आधार द्यायचा, ही आपली नेहमीची समजूत. आपल्या देवगड तालुक्यातील कोणत्याही वाडीत फेरी मारा. दुखऱ्या बाजूलाच काठी टेकत चालणारी म्हातारी माणसे तुम्हांला दिसतील. पण हे उत्तर चूक आहे. ते चूक का, हे सांगायला शाळेच्या पुस्तकातील तरफेचा नियम पुरेसा आहे. आणि हा नियम माणसाच्या शरीराला लावून, पडलेल्या माणसाला पुन्हा उभे करण्याचे जे शास्त्र निर्माण झाले, त्या शास्त्राची ओळख करून देण्यासाठी हा लेख आहे.

खुबा म्हणजे एक तरफ

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कटीच्या हाडातील वाटीत बसलेले असते. हाच खुब्याचा सांधा. चालताना प्रत्येक पावलागणिक आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. आजोबा उजव्या पायावर उभे आहेत आणि डावा पाय उचललेला आहे, अशी कल्पना करा. त्यांचे वजन ६० किलोग्रॅम धरू. उजव्या पायाचे स्वतःचे वजन, सुमारे १० किलोग्रॅम, हे खुब्याच्या खाली असल्याने त्याचा भार खुब्यावर येत नाही. उरलेला ५० किलोग्रॅम-भार मात्र येतो. हा भार खुब्याच्या बरोबर वर नसतो. त्याची दिशारेषा सांध्यापासून आतल्या बाजूला सुमारे १० सेंटिमीटरवरून जाते. त्यामुळे कटी डावीकडे कलंडू पाहते.

ती कलंडू नये म्हणून कुल्ह्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू तिला खाली ओढून धरतात. खुबा हा टेकू, एका बाजूला शरीराचा भार, दुसऱ्या बाजूला स्नायूंची ओढ. जत्रेतल्या दुकानातील तराजूच जणू! फरक एवढाच, की या तराजूच्या दोन भुजा सारख्या नाहीत. स्नायूंची भुजा जेमतेम ५ सेंटिमीटरची असते.

बल गुणिले टेकूपासूनचे लंब अंतर म्हणजे बलाचे परिबल. तराजू स्थिर राहायचा तर दोन्ही बाजूंची परिबले समान हवीत. भाराचे परिबल ५० × १० = ५००. म्हणून स्नायूंची ओढ ५०० ÷ ५ = १०० किलोग्रॅम-भार. आता टेकूवर किती दाब आला? भार आणि ओढ दोन्ही खालच्या दिशेने, म्हणजे ५० + १०० = १५० किलोग्रॅम-भार. माणूस ६० किलोग्रॅमचा, पण त्याच्या खुब्याला प्रत्येक पावलाला वजनाच्या अडीच पट दाब सोसावा लागतो. झिजलेला सांधा का ठणकतो ते आता कळले असेल.

आता आजोबांनी काठी डाव्या हातात घेतली आणि तिच्यावर फक्त ५ किलोग्रॅम-भार टाकला असे समजा. जमीन काठीला तेवढ्याच बलाने वर ढकलते. डावा हात उजव्या खुब्यापासून सुमारे ४५ सेंटिमीटर दूर असतो. म्हणून काठीचे परिबल ५ × ४५ = २२५. स्नायूंना आता ५०० नव्हे, ५०० वजा २२५, म्हणजे २७५ एवढेच परिबल तोलायचे आहे. त्यांची ओढ २७५ ÷ ५ = ५५. सांध्यावरील दाब ५० + ५५ − ५ = १००.

पाहा काय झाले! हाताने ५ किलोग्रॅम-भार दिला आणि सांध्यावरून ५० किलोग्रॅम-भार उतरला. एकास दहा. ही जादू नाही. लांब भुजेने केलेले ते काम आहे.

काठी उजव्या हातात घेतली तर? तेव्हा ती टेकूच्या बाहेरच्या बाजूला येते आणि तिचे वर ढकलणे कटीला डावीकडे कलंडायला मदतच करते. काठी खुब्यापासून २५ सेंटिमीटरवर धरली तर स्नायूंना ५०० + १२५ = ६२५ एवढे परिबल तोलावे लागेल. म्हणून असा माणूस नकळत सगळे अंग उजवीकडे झुकवतो. त्यामुळे भार खुब्याच्या वर येतो आणि थोडे बरे वाटते. पण चाल वाकडी होते आणि कंबर दुखू लागते.

या गणितात आपण सर्व बले सरळ उभी धरली आणि अंतरे ढोबळ घेतली आहेत. प्रत्यक्षात आकडे माणसागणिक बदलतील, निष्कर्ष बदलणार नाही. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. हात सैल सोडून सरळ उभे राहिल्यावर मनगटाची घडी जेथे येते, तेवढी काठीची मूठ उंच असावी. वाड्यातून मिळेल ती काठी उचलून चालत नाही.

चार वाटा, एक गाव

डॉक्टर हाड जोडतात, गाठ काढतात, जीव वाचवतात. पण जीव वाचल्यावर पुढे काय? तो माणूस न्हाणीघरापर्यंत जाईल का? पेज स्वतःच्या हाताने पिईल का? होडीवर, बागेत, शाळेत परतेल का? या प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्या विद्याशाखांना एकत्रितपणे पुनर्वसन असे नाव आहे. धरणग्रस्तांच्या संदर्भात हा शब्द तुम्ही ऐकला असेल. येथे त्याचा अर्थ माणसाला त्याच्या स्वतःच्या आयुष्यात पुन्हा वसवणे असा आहे.

या गावाला जाणाऱ्या मुख्य वाटा चार. पहिली भौतिकोपचाराची, जिला आपण सर्रास फिजिओथेरपी म्हणतो. सांधे, स्नायू, श्वास आणि चाल हे तिचे क्षेत्र. दुसरी व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची. येथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदाच असे नव्हे. आंघोळ करणे, शर्टाचे बटण लावणे, नारळ खवणे, पाटीवर अक्षर काढणे, माणूस दिवसभर जे जे करतो ते सारे त्यात येते. तिसरी वाट वाचा आणि श्रवण यांच्या तज्ज्ञांची. चौथी कृत्रिम हातपाय आणि आधारपट्ट्या बनवणाऱ्यांची.

पहिल्या दोन वाटांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पक्षाघाताने एका बाईंचा उजवा हात लुळा पडला. भौतिकोपचारतज्ज्ञ खांदा आखडू नये, स्नायूंत बळ यावे, तोल सावरावा यासाठी व्यायाम घेतो. व्यवसायोपचारतज्ज्ञ विचारतो, "तुम्हांला घरी काय करता यायला हवे?" आणि भाकरी थापणे हे उत्तर आले, तर भाकरी थापणे हाच व्यायाम होतो. मेंदूचा जो भाग मेला तो पुन्हा जिवंत होत नाही. परंतु त्याच्या शेजारचे आणि इतर भाग सरावाने त्याचे काही काम शिकून घेऊ शकतात. यासाठी तीच हालचाल पुष्कळ वेळा, आणि काही हेतूने करावी लागते. उगाच हात वरखाली करण्यापेक्षा भाकरी थापण्यात हेतू असतो, म्हणून ते शिक्षण अधिक चांगले होते.

आंब्याच्या झाडाखाली

देवगडचा हापूस सर्व जगाला ठाऊक आहे. तो झाडावरून खाली कसा येतो याचा विचार मात्र पेटी उघडणारा करीत नाही. मार्च ते मे या महिन्यांत जाणते गडी उंच फांद्यांवर चढून आंबा काढतात. फांदी मोडली किंवा पाय घसरला, तर काही क्षणांत माणूस खाली येतो. किती वेगाने? ५ मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर पोचते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर असतो. हिशेब तुम्हीच करून पाहा. खाली जांभ्याचा कातळ असला तर हा वेग शून्यावर यायला फारच थोडे अंतर मिळते, आणि तितकाच आघात मोठा होतो.

अशा पडण्यात पाठीचा मणका मोडला आणि आतील मज्जारज्जूला इजा झाली, तर त्या जागेखालचे अंग हलत नाही आणि त्याला स्पर्शही कळत नाही. येथे आपल्या हातून होणारी एक गोष्ट सर्वांनी शिकून ठेवावी. पडलेल्या माणसाला हातपाय धरून, झोळी करून उचलू नये. मणका मोडला असेल आणि रज्जू अजून शाबूत असेल, तर त्या उचलण्याने तो तुटू शकतो. त्याला जागेवरच ठेवावे, धीर द्यावा, डोके आणि मान हलू देऊ नये, पायाची बोटे हलतात का ते विचारावे आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करावा. हलवणे भागच असेल, तर चारपाच जणांनी एकाच वेळी, डोके, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून फळीवर घ्यावे. जमिनीवर उभे राहूनच फळ काढता येईल असा 'नूतन झेला' दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने तयार केला आहे. जेथे त्याने काम भागेल तेथे तो वापरणे हा सर्वांत स्वस्त उपचार होय.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी मज्जारज्जू तुटलेला माणूस बहुधा वर्षा-दोन वर्षांत दगावत असे. तो इजेने मरत नसे. पाठीवर पडणाऱ्या जखमांनी आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्गाने मरत असे. या जखमा का होतात, हा पुन्हा भौतिकीचा प्रश्न आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. बसलेल्या माणसाचा ४० किलोग्रॅम-भार कठीण फळीवर १०० चौरस सेंटिमीटर जागेवर आला, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.४ किलोग्रॅम-भार होतो. पाऱ्याच्या भाषेत हा दाब सुमारे २९४ मिलिमीटर. त्वचेतील केशवाहिन्यांमधील रक्ताचा दाब मात्र पाऱ्याच्या सुमारे ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे त्या वाहिन्या चिरडल्या जातात आणि रक्त थांबते. आपल्याला मुंग्या येतात, आपण कूस बदलतो. ज्याला स्पर्शच कळत नाही तो बदलत नाही, आणि काही तासांत त्वचा मरू लागते.

उपाय दोन. मऊ गादीने क्षेत्रफळ वाढवा. तोच भार ८०० चौरस सेंटिमीटरवर पसरला तर दाब सुमारे ३७ मिलिमीटरवर उतरतो. आणि ठरावीक वेळाने कूस बदला. अंथरुणावर साधारण दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही. यासाठी यंत्र लागत नाही. घड्याळ आणि घरचे माणूस लागते.

हे पद्धतशीरपणे करून दाखवणारे डॉक्टर म्हणजे लुडविग गुटमान. नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून १९३९ मध्ये ते इंग्लंडला आले आणि १९४४ मध्ये स्टोक मॅंडेव्हिल येथील रुग्णालयात त्यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग सुरू केला. रुग्णाने छताकडे पाहत पडून राहायचे नाही, काम करायचे आणि खेळायचे, हा त्यांचा आग्रह होता. २९ जुलै १९४८ रोजी लंडन ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी गुटमान यांनी चाकाच्या खुर्चीवरील जखमी सैनिकांच्या तिरंदाजीच्या स्पर्धा भरवल्या. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक स्पर्धा उभ्या राहिल्या.

आणि या स्पर्धांत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून देणारा वीर आपल्याच महाराष्ट्राचा. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरजवळ जन्मलेले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले, आणि १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्त शैलीची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमाने जिंकली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाण्यात उत्प्लावक बल शरीराचा भार उचलते, म्हणून दुबळ्या स्नायूलाही तेथे हालचाल साधते. आर्किमिडीजचे तत्त्व असे पदकापर्यंत जाऊन पोचले!

मुंबईतील पहिली शाळा

आपल्या देशात या विद्येचे शिक्षण मुंबईत रुजले. त्यात एका बाईंचे नाव आदराने घ्यावे लागेल. अमेरिकेत जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी एका मराठी गृहस्थांशी विवाह करून भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. भारतातील अपंगांसाठी काही करायला हवे हे जाणवल्यावर त्यांनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचे शिक्षण घेतले, आणि १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. आशियातील ती पहिली शाळा मानली जाते. पुढे नागपूरलाही अशी शाळा उघडली. १९५२ मध्ये व्यवसायोपचारतज्ज्ञांचा जागतिक संघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. स्वातंत्र्य मिळून पाचच वर्षे झाली होती, हे ध्यानात घ्या. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' ही शाळा त्यांच्याच नावाची आहे.

त्याच काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने के. ई. एम. मध्ये भौतिकोपचाराचेही शिक्षण सुरू झाले. तेव्हा पोलिओचे मोठे भय होते. रात्री तापाने फणफणलेले मूल सकाळी पाय उचलत नसे. औषध नव्हते, जे काही होते ते व्यायाम, आधारपट्टी आणि चिकाटी. १९५५ मध्ये हाजी अलीजवळ अखिल भारतीय भौतिक वैद्यक आणि पुनर्वसन संस्था स्थापन झाली. पुढे लसीने पोलिओला हरवले. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. मग या विद्येचे काम संपले का? मुळीच नाही. रस्त्यावरील अपघात, पक्षाघात, मधुमेहामुळे कापावे लागलेले पाय, म्हातारपण, मुदतीआधी जन्मलेली बाळे. काम उलट वाढलेच.

पायाच्या गोष्टीत जयपूरचे नाव घ्यायलाच हवे. परदेशी धर्तीचा लाकडी पाय बुटाशिवाय चालत नसे. बूट घालून देवळात कसे जायचे? चिखलात लावणी कशी करायची? मांडी घालून जेवायला कसे बसायचे? १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा, सर्व बाजूंना लवणारा, अनवाणी चालता येईल असा पाय बनवला. शर्मा फारसे शिकलेले नव्हते, पण त्यांच्या हातात कला होती. डॉक्टरांचे शरीररचनेचे ज्ञान आणि कारागिराची नजर एकत्र आली, तेव्हाच 'जयपूर फूट' जन्माला आला.

आपल्या घरातील उतरण

आता पुन्हा कोकणात येऊ. आपली घरे उंच जोत्यावर असतात. पावसाळ्यासाठी ते योग्यच आहे. परंतु चाकाच्या खुर्चीवरील माणसाला खळ्यातून पडवीत नेणारा तीन पायऱ्यांचा टप्पा म्हणजे डोंगरच. येथे उतरण बांधावी लागते. ती किती लांब असावी? सर्वसाधारण नियम एकास बारा असा आहे. एक फूट चढायला बारा फूट लांबी. जोते २ फूट उंच असेल तर उतरण २४ फूट लांब हवी.

बारा हा आकडा कशासाठी? खुर्ची आणि माणूस मिळून ८४ किलोग्रॅम धरा. घर्षण सोडले तर एकास बारा उतरणीवर ढकलायला ८४ ÷ १२ = ७ किलोग्रॅम-भार पुरतो. एखादी आजीही हे करू शकेल, किंवा बसलेला माणूस स्वतः चाके फिरवून वर जाईल. जागा वाचवण्यासाठी उतरण एकास चार केली तर सुमारे २१ किलोग्रॅम-भार लागेल, आणि खाली येताना खुर्ची हातातून निसटेल. खळे लहान असले तर उतरण भिंतीच्या कडेने वळवून घ्यावी, मध्ये सपाट जागा ठेवावी. जांभ्याच्या चिऱ्यांवर शेवाळ धरते, म्हणून वरचा थर खरखरीत ठेवावा. उतरण कोठे बांधायची, न्हाणीघरात दांडी कोणत्या उंचीवर लावायची, जमिनीवरच्या विळीऐवजी ओट्यावर बसवलेली खवणी कशी वापरायची, हे घरी येऊन ठरवणे हा व्यवसायोपचारतज्ज्ञाच्या कामाचाच भाग आहे. येथे भौतिकी आहे, थोडे गवंडीकाम आहे आणि घरच्या माणसांचे ऐकून घेणेही आहे.

हे शिकायचे कोठे?

महाराष्ट्रात आरोग्यविषयक सर्व शिक्षणासाठी १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे सार्वजनिक विद्यापीठ स्थापन झाले. भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार यांच्या पदव्या हे विद्यापीठ देते. मुंबई महापालिकेची के. ई. एम., नायर आणि शीव ही रुग्णालये, हाजी अलीची संस्था, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे या शिक्षणाची जुनी परंपरा आहे. वाचा आणि श्रवण या विषयांसाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून काम करीत आहे. खासगी महाविद्यालयेही पुष्कळ आहेत. पण शासकीय आणि पालिकेच्या संस्थांत शुल्क कमी असते आणि रुग्ण सर्व प्रकारचे पाहायला मिळतात, म्हणून आधी तेथील प्रवेशाचा प्रयत्न करावा.

बारावीला भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र हे विषय हवेत, आणि 'नीट' ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया. पुढे जीवयांत्रिकी, म्हणजे या लेखात पाहिलेल्या तरफा. मग अस्थिरोग, मेंदू आणि मज्जासंस्था, हृदय आणि फुप्फुसे, बालरोग, मानसशास्त्र. विद्युत् उपचारांत तर आपला विषय पदोपदी भेटतो. खोलवर ऊब पोचवणारे एक यंत्र २७.१२ मेगाहर्ट्‌झच्या विद्युत्‌चुंबकीय लहरींवर चालते. प्रकाशाच्या वेगाला या आकड्याने भागा, तरंगलांबी सुमारे ११ मीटर येईल. अखेरीस रुग्णालयात प्रत्यक्ष कामाची आंतरवासिता असते. २०२१ च्या कायद्याने या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन झाला असून अभ्यासक्रमांना देशभर एकसारखे रूप देणे हे त्याचे काम आहे. म्हणून कालावधी आणि नियम यांसाठी तुम्ही प्रवेश घ्याल त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच पाहावी. वाचा, श्रवण आणि कृत्रिम अवयव या शाखांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते.

शिक्षकांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. वैद्यकीयला गुण कमी पडले म्हणून नाइलाजाने या वाटेला येणारी मुले पुष्कळ असतात. त्यांना ही दुय्यम वाट आहे असे कोणी सांगू नये. शस्त्रक्रिया दोन तासांत संपते. तिचा उपयोग झाला की नाही हे पुढच्या सहा महिन्यांत ठरते, आणि ते सहा महिने या माणसांच्या हातात असतात.

हे करून पाहा

१. वजन करण्याचे दोन सपाट काटे घ्या. एकावर उभे राहा, दुसऱ्यावर काठी टेका. काठीवरील काट्यात ५ किलोग्रॅम येईपर्यंत दाबा. पायाखालच्या काट्यात किती फरक पडला? मग खुब्यावर ५० चा फरक कसा पडतो, ते तरफेची आकृती काढून मित्राला समजावून सांगा.

२. चमच्याच्या दांड्याला जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो जाड करा. हातात लोकरीचे जाड मोजे घालून साधा आणि जाड असे दोन्ही चमचे वापरून पाहा. बोटांत जोर नसलेल्या माणसाला कोणता सोयीचा वाटेल, आणि का?

३. आपल्या शाळेची उतरण मोजा. उंची आणि लांबी यांचे गुणोत्तर काढा. एकास बारापेक्षा ती चढी असेल तर मुख्याध्यापकांना आकडे दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारची दिव्यांगता मानली आहे आणि सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येण्याजोग्या असाव्यात असे म्हटले आहे. शाळेत उतरणच नसेल तर ती कोठे बांधता येईल याचा नकाशा काढा.

देवगडचा रुग्ण मोठ्या शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूरला, बांबोळीला किंवा मुंबईला जातो. २०२१ मध्ये सिंधुदुर्गनगरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही चांगली गोष्ट झाली. परंतु शस्त्रक्रियेनंतर माणूस शेवटी आपल्या वाडीतच परततो. तेथून रोज उपचारांना एसटीने जाणे त्याला जमत नाही. गाडीभाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी परवडत नाही. मग व्यायाम सुटतो, गुडघा आखडतो, हात छातीशी दुमडलेला राहतो, आणि "नशिबात नव्हते" असे म्हणून घर गप्प बसते. नशिबाचा येथे फारसा संबंध नसतो. आठवड्यातून दोनदा घरी येणारे, काठी डाव्या हातात द्या असे सांगणारे, घरच्या बाईला कूस कशी बदलावी हे दाखवणारे, तिच्याच बोलीत बोलणारे जाणते माणूस तेवढे तेथे नसते.

ते माणूस आज तुमच्याच वर्गात कोठेतरी बसलेले असेल. तरफेची गणिते त्याने नीट सोडवावीत. ती पुढे उपयोगी पडणार आहेत.